फीत सुप्यात, दार तिसगावात

आमच्या तिसगावच्या कॉलेजच्या लायब्ररीला लागून एक खोली आहे. तिच्या दाराला जवळजवळ वर्षभर लाल साटीनची फीत बांधलेली होती. आत टेबलावर एक संगणक, संगणकावर पिवळं रेशमी कापड आणि बाहेर भिंतीत एक कोनशिला. कोनशिलेवर मोठ्या साहेबांचं नाव ठळक अक्षरात, त्याखाली आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचं जरा लहान, त्याखाली प्राचार्यांचं त्याहून लहान, आणि तारखेची जागा कोरी. ग्रंथपालाचं म्हणजे माझं नाव वाचायला भिंग लागतं, असं मी पाहुण्यांना सांगतो. ते खोटं आहे. माझं नाव तिथे नाहीच.

खोलीचं नाव डिजिटल भांडार. आमच्या प्राध्यापकांनी लिहिलेले शोधनिबंध, म्हणजे आमच्या बोलण्यातले पेपर, तिथे ठेवायचे आणि जगातल्या कुणालाही ते फुकट वाचता यायला हवेत, एवढाच त्याचा उद्देश. मोठ्या शहरांतल्या संस्था याला रिपॉझिटरी म्हणतात. आमची रिपॉझिटरी सगळ्या अंगांनी तयार होती. फक्त तिचं उद्घाटन व्हायचं होतं. मोठे साहेब कधी मुंबईत, कधी दिल्लीत, कधी कुठल्या प्रचारात. त्यांची वेळ मिळेपर्यंत प्राचार्यांचा हुकूम असा की फीत कापल्याशिवाय दार उघडायचं नाही. खोलीची किल्ली त्यांच्या ड्रॉवरमध्ये. शिपाईमामा रोज सकाळी फितीवरची धूळ झटकायचे आणि बाहेरूनच खोलीला नमस्कार करायचे. मी एकदा विचारलं, "मामा, आत देव आहे का?" तर म्हणाले, "आसंल बी. बघितलंय कुणी?"

मला त्या फितीचा काही त्रास नव्हता. उलट लायब्ररीत कुणी नवीन आलं की मी तिची गोष्ट रंगवून सांगायचो. त्रास सुरू झाला तो वनस्पतिशास्त्राच्या मॅडमचा पेपर छापायला स्वीकारला गेला तेव्हा.

या मॅडम मूळच्या राहुरीकडच्या. बोलायला मऊ, पण चिवट अशा की सुतळीने शिकवणी लावावी. दोन वर्षं त्या हुलग्याच्या मागे होत्या. हुलगा म्हणजे आपल्याकडे माळरानावर, दुसरं काही येत नाही तिथे येणारं कडधान्य. त्याचे जुने वाण कमी पाण्यात किती तग धरतात, हे त्या तिसगावच्याच एका चाचांच्या मुरमाड रानात वाफे पाडून बघत होत्या. दोन हंगाम झाले होते. तिसरा पेरला तरच निष्कर्षाला अर्थ होता, नाहीतर दोन वर्षांची मेहनत म्हणजे अर्ध्यात सोडलेलं गणित. या प्रकल्पात तीन संस्था होत्या: आमचं कॉलेज, राहुरीची एक आणि पुण्याची एक. पेपरवर तिन्हीकडच्या एकेकाचं नाव. आणि तिसऱ्या हंगामाला मंजुरी मिळण्याची अट अशी की हा पेपर महिनाअखेरीच्या आत तिन्ही संस्थांच्या स्वतःच्या भांडारात दिसला पाहिजे. आमचं भांडार तयार असेल, असं लेखी आश्वासन प्रकल्प सुरू होताना खुद्द आमच्या प्राचार्यांनी दिलं होतं.

मे महिना संपत आला होता. चाचांचा फोन दर दोन दिवसांनी यायचा. "मॅडम, रान तुमच्यासाठी मोकळं ठेवलंय. पेरणार का न्हाई तेवढं सांगा. न्हाईतर मी बाजरी टाकतो."

"पेरणार, चाचा," मॅडम म्हणायच्या.

"नक्की?"

"नक्की."

फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघायच्या. त्या बघण्यात जरा कमी नक्की असायचं.

पेपर तीन ठिकाणी ठेवायचा म्हणजे तीन दारं, तीन पासवर्ड आणि तीन तऱ्हा. एका ठिकाणी फाइल अशी हवी, दुसऱ्या ठिकाणी तशी. तिसरं दार आमचं, त्याला फीत. मॅडमनी आधी हाताने प्रयत्न केला. त्या गडबडीत पुण्याला जुना मसुदा गेला, ज्यातल्या एका तक्त्यात वाफ्यांचे आकडे दुरुस्त व्हायचे होते, आणि राहुरीला नवा. एकाच पेपरचे दोन चेहरे जगात फिरायला लागले. पुण्याच्या सहलेखिका बाईंनी फोन करून विचारलं, "यातला खरा हुलगा कुठला?" मॅडमनी जुना मसुदा काढून घ्यायला लावला आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

"सर, याला काहीतरी एकच वाट पाहिजे."

ग्रंथपालाच्या आयुष्यात असं वाक्य ऐकायला फार क्वचित मिळतं. मी खुर्चीत सरसावून बसलो. मला ती वाट माहीत होती. एक मध्यवर्ती सेवा असते. लेखकाने आपला अंतिम पेपर तिथे एकदाच द्यायचा. कुठला लेखक कुठल्या संस्थेचा, हे ती पेपरवरूनच बघते आणि तोच पेपर, तशाच्या तसा, प्रत्येक संस्थेच्या भांडाराच्या दारात नेऊन ठेवते. प्रत ज्याची त्याच्याकडे, चेहरा मात्र एकच.

"म्हणजे आपला दलालच की," मी म्हणालो. "मार्केट यार्डातला."

"सर, दलाल नका म्हणू."

"मग काय म्हणू?"

"मध्यस्थ म्हणा."

"मध्यस्थ सोयरिकीत असतात, मॅडम. हा न थकता माल पोचवतो आणि स्वतःसाठी वांगंसुद्धा काढून घेत नाही. असा दलाल मी आयुष्यात बघितलेला नाही. त्याचा मान आहे तो."

मॅडम हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या, म्हणून मी तो शब्द कायम ठेवला.

आम्ही दोघांनी मिळून पेपर दलालाकडे दिला. दुपारचा चहा होईपर्यंत राहुरीचं उत्तर आलं की मिळाला. थोड्या वेळाने पुण्याचं आलं. तिसऱ्या ओळीत आमच्या कॉलेजचं नाव आणि त्यापुढे निरोप: पलीकडून दार उघडत नाही, पुन्हा प्रयत्न करत आहोत.

"पलीकडे म्हणजे कुठे?" मॅडमनी विचारलं.

मी भिंतीकडे बोट दाखवलं. पलीकडची खोली. आमच्यात आणि त्या संगणकात एका विटेचं अंतर होतं. दलालाने पेपर कुठून कुठे फिरवून आणला होता आणि तो आमच्याच भिंतीला येऊन थांबला होता.

आम्ही प्राचार्यांकडे गेलो. माणूस वाईट नाही. भित्रा आहे, पण नियमाने भित्रा आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"अध्यक्षांचे शब्द आहेत. फीत कापल्याशिवाय दार उघडायचं नाही. मी किल्ली दिली आणि उद्या मोठ्या साहेबांना कळलं, तर?"

"मग अध्यक्षांनाच फीत कापायला सांगू या," मॅडम म्हणाल्या.

"लग्नसराई आहे. ते रोज दहा-दहा लग्नांना असतात. इकडे कसे येणार?"

इथे माझ्या डोक्यात जे आलं ते फार मोठं काही नव्हतं, पण त्याचा आनंद मला आजही पुरतो. मी अगदी नम्रपणे विचारलं, "सर, अट फितीची आहे ना? दाराची नाही?"

"म्हणजे?"

"फीत अध्यक्षांच्या हाताने कापली गेली पाहिजे. ती कापताना दाराला बांधलेली असली पाहिजे, असं काही आहे का?"

प्राचार्यांनी बराच वेळ विचार केला. त्यांनी आयुष्यभर नियम पाळले होते, पण असा नियम त्यांच्या पाहण्यात नव्हता. "तसं काही... लेखी नाही," ते म्हणाले.

"मग दार इथेच राहू द्या. फीत मी नेतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी फीत सोडली. सोडताना गाठीला हात जोडले. एका तबकात फीत, कात्री, हळदीकुंकू आणि एक नारळ असा सरंजाम तयार झाला. मॅडम बंद दारासमोर खुर्ची टाकून फोन हातात घेऊन बसल्या. "सर, आज नाही झालं तर?" त्यांनी विचारलं.

"आज होणार," मी म्हणालो. खरं तर मलाही माहीत नव्हतं. पण काही वाक्यं आधी बोलून टाकायची असतात, मग माणूस त्यांच्यामागे धावतो.

मी गाडी चालवत होतो, शेजारी मामा तबक मांडीवर घेऊन, लहान बाळ सांभाळावं तसे. अध्यक्षांच्या ड्रायव्हरने फोनवर सांगितलं होतं की पहिलं लग्न नगरच्या अलीकडच्या एका मंगल कार्यालयात आहे, पुढचं सुप्याला. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण मामांचं अजून नगरच. आम्ही पोचलो तेव्हा अध्यक्ष आशीर्वाद देऊन निघून गेले होते. मी तबक घेऊन परत वळणार, एवढ्यात मुलीच्या वडिलांनी मला बघितलं. मागे नारळ सांभाळत मामा, हातात तबक, चेहऱ्यावर घाई. त्यांची खात्री झाली की हा कुणीतरी मोठा पाहुणा.

"या, या! फेटा बांधा यांना!"

"अहो, मी फीत घेऊन..."

"असू द्या, असू द्या. जेवल्याशिवाय जायचं नाही."

मामा कानात म्हणाले, "सर, बांधून घ्या. भांडत बसलो तर उशीर हुईल."

फेटा बांधून घेतला. नवरानवरीला आशीर्वादही दिले. जेवणातून मात्र निसटलो. मामा जिलबीकडे ज्या नजरेने बघत निघाले, ती मला सुप्यापर्यंत दिसत होती.

सुप्याला, औद्योगिक वसाहतीच्या पलीकडे मोकळ्या मैदानात मोठा मांडव होता. ऊन असं की मांडवाचं कापड वर तापत होतं आणि खाली माणसं शिजत होती. मुहूर्त केव्हाच टळला होता, कारण नवरदेवाचे मित्र अजून नाचत होते आणि नेत्यांचे आशीर्वाद चालू होते. माइकवर आमचे अध्यक्ष. त्यांचं ते भाषण मला पाठ आहे. दोन्ही घराणी, संस्कार, नव्या पिढीने आईवडिलांना विसरू नये, आणि शेवटी, "मला पुढच्या लग्नाला जायचंय, म्हणून थांबत न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते खाली उतरले, तसा मी तबक घेऊन समोर उभा राहिलो.

त्यांनी आधी फेट्याकडे बघितलं, मग तबकाकडे. "काय हो ग्रंथपाल? वऱ्हाडात कधीपासून?"

"साहेब, फीत आणलीय."

"कसली?"

"कॉलेजच्या भांडाराची."

"अन् भांडार?"

"ते कॉलेजातच आहे. गाडीत मावलं नसतं."

अध्यक्ष हसले नाहीत. त्यांना पुढच्या लग्नाला जायचं होतं. मी मग सगळं सांगितलं: हुलगा, तीन संस्था, महिनाअखेर, भिंतीपलीकडे थांबलेला पेपर. त्यांची नजर गाडीकडे गेली. मला कळलं की माझ्याकडे आता फक्त एका वाक्याइतका वेळ आहे.

"साहेब, आज किती लग्नं?"

"बास की हो. सकाळपासून घसा बसलाय."

"प्रत्येक ठिकाणी भाषण तेच ना?"

"मग काय, लग्नागणिक नवीन लिहू का?"

"समजा, तुम्ही इथे एकदाच बोललात आणि तेच बोलणं, तुमच्याच आवाजात, एकही शब्द इकडचा तिकडे न होता, आज ज्या ज्या मांडवात तुमचं नातं आहे तिथे आपोआप पोचलं, तर?"

अध्यक्ष थांबले. गाडीचं दार उघडून ड्रायव्हर उभा होता, तोही थांबला.

"असलं काही निघालंय?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"पेपरांसाठी निघालंय, साहेब. माणसांसाठी अजून नाही. मॅडमनी एकदा दिलं, राहुरीच्या मांडवात पोचलं, पुण्याच्या पोचलं. आपल्या मांडवाचं दार तेवढं बंद आहे. आणि तो पोचवणारा अजून बाहेर उभा राहून दार वाजवतोय."

"पावण्याला दारात उभा केलाय?"

"काल दुपारपासून."

हे त्यांना लागलं. आमच्याकडे भांडण झालं तरी आलेल्या माणसाला पाणी विचारतात. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, पण मोठ्या साहेबांना मी शब्द दिलाय उद्घाटनाचा. त्यांना काय सांगू?"

याचं उत्तर मी गाडीत तयार केलं होतं. "तुम्ही आज शुभारंभ करा. लोकार्पण साहेबांसाठी ठेवलंय. कोनशिला त्यांच्याच नावाची आहे, तिला कुणी हात लावत नाही."

आमच्या जिल्ह्यात एकाच पुलाचं भूमिपूजन, शुभारंभ, उद्घाटन आणि लोकार्पण चार वेगवेगळ्या हातांनी झालेलं मी बघितलंय. अध्यक्षांनी तर मीच काय, माझ्या आधीच्या दोन ग्रंथपालांनी बघितलं नसेल एवढं बघितलंय. त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"आना ती फीत."

आता फीत धरायला दोन माणसं हवीत. एक टोक मामांनी धरलं. दुसरं धरायला या लग्नातल्या मुलीचे वडील पुढे आले. कशाची फीत हे त्यांनी विचारलंच नाही, अध्यक्ष कापणार आहेत म्हणजे चांगलंच असणार. सूत्रसंचालकाने संधी साधून माइकवर जाहीर केलं की आता अध्यक्षांच्या शुभहस्ते एका महत्त्वाच्या कार्याचा शुभारंभ होत आहे. व्हिडिओवाला धावत आला. मी फोन लावून कानाला धरला. पलीकडे मॅडम, त्यांच्या शेजारी प्राचार्य.

कात्री चालली. फीत तुटली. आणि सगळा मांडव आमच्यावर अक्षता टाकायला लागला.

लोकांच्या मुठीत अक्षता तासाभरापासून होत्या. पुढे काहीतरी कापलं, व्हिडिओवाला धावला, म्हणजे लागलं लग्न, असा मागच्या रांगांचा समज झाला. बँडवाल्यांनी सुरुवात केली. फटाक्यांची माळ लागली. नवरदेवाचे मित्र पुन्हा नाचायला लागले. भटजी स्टेजवरून ओरडत होते, "अहो, थांबा! अजून अंतरपाट धरायचाय!" मामा, अध्यक्ष, मुलीचे वडील आणि मी, चौघे तुटक्या फितीसह अक्षतांखाली उभे होतो. अध्यक्षांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्या गदारोळात ओरडले, "प्राचार्य! किल्ली द्या! फीत कापली! आवाज येतोय न्हवं?"

आवाज येत होता. प्राचार्य नंतर मला म्हणाले की एवढं दणदणीत उद्घाटन त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

मी फोन परत घेतला आणि एक बोट दुसऱ्या कानात घालून मांडवाच्या बाहेर आलो. पलीकडे कुलूप निघाल्याचा आवाज, मग खुर्ची सरकल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही. त्या वेळात मी दोनदा फेटा नीट केला. त्या सेवेचा एक गुण मला फार आवडतो. दार बंद दिसलं म्हणून ती रागावून निघून जात नाही. थोड्या थोड्या वेळाने पुन्हा येऊन वाजवते.

"सर," मॅडमचा आवाज आला. "आला."

"कुठे?"

"आपल्याकडे. तक्ता बरोबर आहे. तिन्हीकडे एकच पेपर आहे, सर."

मी भर उन्हात उभा राहून फोनला नमस्कार केला. ज्यांना मी माहीत आहे, त्यांना हे खरं वाटणार नाही.

पाठीमागे भटजींनी एकदाचा अंतरपाट धरला होता. मामांनी अक्षता झटकल्या, फितीचे दोन्ही तुकडे घडी करून खिशात घातले आणि विचारलं, "सर, आता तरी जिलबी?" आम्ही पोटभर जेवलो. अध्यक्ष निघताना गाडीची काच खाली करून मला म्हणाले, "ते माणसांसाठी निघालं की पहिल्यांदा मला कळवा."

तिसऱ्या हंगामाला मंजुरी आली. मॅडमनी चाचांना फोन केला तेव्हा मी शेजारीच होतो. चाचा एवढंच म्हणाले, "मग लवकर या. बाजरीचं बी घरात आनून ठिवलं हुतं, आता ते भावाला देतो."

पाऊस पडून वाफसा आल्यावर आम्ही पेरणीला गेलो. मॅडम, मी, मामा, आणि कुतूहल म्हणून प्राचार्यही. एकेका वाणाचा वाफा वेगळा ठेवायचा होता, आणि खुंट्यांना बांधायला खुणेचं काही आणायचं मॅडम विसरल्या होत्या. मामांनी खिशातून लाल साटीन काढलं, त्याच्या पट्ट्या फाडल्या आणि एकेका खुंटीला बांधत सुटले.

प्राचार्य अस्वस्थ झाले. "अहो मामा, ती फीत लोकार्पणाला लागेल!"

मामांनी गाठ आवळली. "नवी आनू, साहेब. ही कापून झालीया."

मॅडम केव्हाच वाफ्यात उतरल्या होत्या. ओंजळीतला हुलगा मोजकाच सोडत, मान खाली घालून, त्या पहिल्या ओळीच्या शेवटापर्यंत गेल्या आणि दुसरी धरायला वळल्या.